मीटरला तणनाशक दिसत नाही

परवा एका गावात बैठक होती. बचत गटानं पाणी शुद्ध करायचं यंत्र घ्यायचं की नाही, हा विषय. विकणाऱ्यानं ग्लासात टीडीएस मीटर बुडवला, आकडा एकदम खाली आला, सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, विहिरीच्या वरच्या अंगाला ऊस आहे, त्यावर तणनाशक कोणतं मारता? कुणी बोलेना.

मीटर फक्त पाण्यातले क्षार सांगतो. तणनाशक, कीटकनाशक, आपण खातो ती औषधं पाण्यात असतात लिटरला काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशेबात. मीटरला ती कळत नाहीत.

आता यंत्राचं. आरओमध्ये दाबानं पाणी पडद्यातून ढकलतात. दुसरी रीत विजेची, तिला इलेक्ट्रोडायलिसिस म्हणतात. आपल्या जळगावच्या जैन इरिगेशननं अमेरिकेतल्या एमआयटीबरोबर असं सौर विजेवरचं यंत्र केलं, त्याला २०१५ साली डिसाल पारितोषिक मिळालं. यात पाणी कमी वाया जातं, आपल्या मराठवाड्याला ते मोठंच.

यातले पडदे दोन जातींचे. पाण्यात विरघळलेल्या क्षारांच्या कणांवर धन किंवा ऋण भार असतो. एक पडदा धन कणांना वाट देतो, दुसरा ऋण कणांना. विजेच्या ओढीनं क्षार शेजारच्या कप्प्यात जातात. पिण्याचं पाणी मात्र पडद्यातून जातच नाही, ते जागीच राहतं. गोम इथंच आहे.

अ‍ॅट्राझिन घ्या, मक्यात-उसात मारतात ते. विहिरीच्या पाण्यात त्याला भार नसतो, म्हणून वीज त्याला ओढत नाही. ते बहुतेक आपल्या घागरीतच येतं. टू-फोर-डीला ऋण भार असतो, ते पडद्याकडे ओढलं जातं. पण कण मोठा, मिठासारखा सहज पार होत नाही. काही पडद्यातच बसतं, तेलाचा डाग पदरात बसावा तसं. साठत गेलं की पडदा मंदावतो, आणि बसलेलं पुढं हळूहळू सुटूही शकतं. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, लिटरला अ‍ॅट्राझिन २ मायक्रोग्रॅम आणि टू-फोर-डी ३०, याच्या वर चालत नाही.

म्हणून यंत्र नको, असं मी म्हणत नाही. किनवटकडं फ्लोराइडनं दात-हाडं खराब होतात, आणि फ्लोराइडला भार असल्यानं ते या यंत्रात कमी होतं. पण सोबत सक्रिय कोळशाचा फिल्टर मागा. तणनाशक बरंचसं तो धरतो. तो कधी बदलणार, पैसे कोण देणार, हे कागदावर घ्या. कोळसा भरला की धरत नाही. आणि पाणी उकळून तणनाशक जातं, या भरवशावर राहू नका.

जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायकांना तपासणीचं किट शिकवलंय. त्यात फ्लोराइड, नायट्रेट, कठीणपणा कळतो, तणनाशक नाही. त्याला मोठी प्रयोगशाळा लागते, पैसेही लागतात. तो खर्च यंत्राच्या किमतीतच धरा. आधी विहिरीचं पाणी तपासून घ्या, मग यंत्रातून आलेलं.

आणि घरी सांगा, फवारणीचा पंप विहिरीच्या काठावर धुवायचा नाही.