19वा इलेक्ट्रॉन कुठे बसतो?

परवा भाचीचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. "मामा, तिसऱ्या कवचात 18 इलेक्ट्रॉन मावतात ना? मग पोटॅशियमचं संरूपण 2, 8, 8, 1 का? 2, 8, 9 का नाही?"

खरं सांगू? नववीत मलाही हेच पडलं होतं. उत्तर मिळालं, "पाठ कर." केलं पाठ. मार्क मिळाले, पण वर्गात हात वर करायचं मात्र सुटलं.

आता मीही तिला तेच टाइप करणार होतो. थांबलो.

तर गोष्ट अशी आहे. कवच म्हणजे एक मोठी खोली नाही, त्यात उपकवचं असतात. तिसऱ्यात तीन: एसमध्ये 2, पीमध्ये 6, डीमध्ये 10. झाले 18. पण इलेक्ट्रॉन कवचाचा नंबर बघत नाही, कमी ऊर्जेची जागा बघतो. चौथ्या कवचातला एसचा इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या अगदी जवळपर्यंत जाऊन येतो. त्यामुळे पोटॅशियममध्ये ती जागा तिसऱ्याच्या डीपेक्षा कमी ऊर्जेची ठरते. म्हणून 19वा तिथे बसतो. कॅल्शियमचा 20वाही तिथेच. डी भरायला लागतं ते स्कँडियमपासून, अणुअंक 21. आणि तुमच्या चार्जरच्या वायरमधलं तांबं? 2, 8, 18, 1. तिसरं कवच फुल्ल!

भाचीला हीच व्हॉइस नोट पाठवली. दोन मिनिटांत रिप्लाय, "मग तांब्यात शेवटी 2 का नाहीत?"

हात वर आहे अजून. त्यावर बोलू पुढच्या एपिसोडला!