स्वस्ताईचा हिशेब : मीठ, खेळणी आणि काजूगर



गणेशचतुर्थी दोन दिवसांवर आली की मालवण, कुडाळ, सावंतवाडीच्या बाजारपेठा माटवीच्या सामानाने भरून जातात. आंब्याचे टाळ, नारळ, सुपारीचे घोस, कवंडळे, रानातून खुडून आणलेली फुले-फळे घेऊन आसपासच्या वाड्यांतील स्त्रिया रस्त्याच्या कडेला बसतात. गणपतीच्या मस्तकावर टांगल्या जाणाऱ्या त्या लाकडी चौकटीत कोकणचा सारा भाद्रपद बांधला जातो. त्याच बाजारात दहा पावलांवर लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या माळा टांगलेल्या असतात. त्यांतील पुष्कळशा हजारो मैलांवरून आलेल्या. गंमत अशी की, पायपीट करून आणलेल्या टाळासाठी गिऱ्हाईक पाच-दहा रुपयांची घासाघीस करते आणि परदेशी माळ मात्र ‘एवढ्याला मिळते तर घेऊन टाकू’ म्हणून निमूटपणे पिशवीत पडते.

समुद्र ओलांडून आलेली वस्तू दाराशी पिकलेल्या वस्तूपेक्षा स्वस्त कशी पडते, हा प्रश्न सामान्य माणसाला पडतो आणि तो तसाच सोडून देतो. या किनाऱ्याला मात्र तो नवा नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी तो येथे पडला होता, आणि त्याचे उत्तरही दिले गेले होते.

कुडाळच्या अधिकाऱ्यास एक पत्र

इ. स. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळ प्रांताचे अधिकारी नरहरी आनंदराव यांना एक पत्र पाठविले. विषय होता मिठाचा. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशात मीठ स्वस्त होते, स्वराज्यातील संगमेश्वर भागात ते महाग पडत होते. उदमी लोक साहजिकच बारदेशाकडे वळणार, घाटावर तेच मीठ जाणार आणि स्वराज्यातील आगरे व बंदरे ओस पडणार, हे महाराजांनी ओळखले. त्यांनी बारदेशच्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा दिली. ती किती असावी याचे सूत्रही त्यांनी आखून दिले : जकात धरून बारदेशचे मीठ संगमेश्वरच्या मिठाच्या भावाशी जुळले पाहिजे.

या पत्रातील दूरदृष्टीचा गौरव नेहमी होतो, पण त्यातील हिशेबीपणाकडे क्वचितच लक्ष जाते. महाराजांनी परक्या मिठावर बंदी घातली नाही. दोन्हीकडचे भाव काय, वाहतुकीचा खर्च किती, व्यापारी कोणत्या वाटेने जाईल, हे सारे त्यांनी पाहिले होते. ज्याला भाव ठाऊक नाहीत त्याला जकातही नीट बसविता येत नाही, हा या पत्राचा पहिला धडा.

दुसरा धडा थोडा कडू आहे. या जकातीमुळे घाटावरच्या कुणब्याला मिठासाठी चार पैसे जास्त मोजावे लागले असणार. ते चार पैसे गेले कोठे? काही स्वराज्याच्या खजिन्यात, काही स्वराज्यातील आगरकऱ्याच्या, तांडेलाच्या आणि बैल हाकणाऱ्याच्या हातात. भाव वाढला, पण वाढलेला भाव घरातच फिरला.

याच्या नेमके उलट उदाहरणही याच जिल्ह्यात घडले. वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्याच्या मिठागरांत १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. तेथेही प्रश्न मिठाच्या भावाचाच होता. इंग्रज सरकारने मिठावर कर बसवून भाव वाढविला होता. परंतु ती वाढ आगरकऱ्यासाठी नव्हती, परक्या राज्याची तिजोरी भरण्यासाठी होती. बंगालमध्ये तर लिव्हरपूलहून जहाजे भरून मीठ येई आणि तेथील देशी मीठ करणारे देशोधडीला लागत. एकाच किनाऱ्यावर मिठाचा भाव दोनदा सत्तेने वाढविला. एकदा तो राजाच्या दूरदृष्टीचा दाखला ठरला, दुसऱ्यांदा त्याविरुद्ध सत्याग्रह करावा लागला. म्हणून भाव चढला की वाईट आणि उतरला की चांगले, असे सरसकट म्हणता येत नाही. ‘वाढलेला पैसा कोठे जातो आणि वाचलेला पैसा कोणाच्या ताटातून वाचतो?’ हा खरा प्रश्न होय.

चितार आळीतील भातुकली

हीच कसोटी आता खेळण्यांना लावून पाहावी. सावंतवाडीच्या चितार आळीत पिढ्यान् पिढ्या लाकडी खेळणी घडत आली. पांगाऱ्यासारखे हलके लाकूड, त्यावर लाखेचे व रंगांचे काम; भातुकलीची भांडी, पाळणे, हुबेहूब आंबे-फणस-केळी. येथील लाखकाम व गंजिफा लयाला जाऊ लागली असताना राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी जुन्या कारागिराकडून ती कला स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच तिचे काम उभे केले. राजघराण्याने कारागिराचे शिष्यत्व पत्करावे, ही घटनाच बोलकी आहे.

पुढे काळ बदलला. जागतिक व्यापार संघटनेतील वादात भारताविरुद्ध निर्णय गेल्यानंतर आयातीवरील संख्यात्मक निर्बंध दोन टप्प्यांत उठले. २००० साली ७१४ वस्तू मोकळ्या झाल्या आणि १ एप्रिल २००१ पासून उरलेल्या ७१५. त्याच वर्षी ११ डिसेंबरला चीन त्या संघटनेचा सदस्य झाला. काही वर्षांतच जत्रेच्या दुकानांत, एस. टी. स्थानकांवर, आठवडी बाजारांत चिनी खेळण्यांचे ढीग लागले. दहा रुपयांची मोटार आणि वीस रुपयांची बाहुली मिळू लागल्यावर लाकडी भातुकली मुलांच्या हातातून निघून दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात जाऊन बसली.

ही स्वस्ताई केवळ कमी मजुरीची नव्हती, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात खेळण्यांचे साचे करणारे, प्लास्टिकचे दाणे पुरविणारे, छोट्या मोटारी, रंग, खोकी बनविणारे, सारे एकमेकांच्या शेजारी आहेत. प्लास्टिकच्या खेळण्याचा खरा खर्च साच्याचा असतो. साचा महाग, पण त्यातून दहा लाख नग निघाले की प्रत्येक नगावर पडणारा खर्च नाममात्र होतो. बंदर जवळ, वीज अखंड, भांडवल स्वस्त. कातयंत्रावर एकेक आंबा कातणाऱ्या माणसाची गाठ अशा व्यवस्थेशी पडली होती. त्यात तो हरला, तर त्याच्या हाताला दोष देता येणार नाही.

मात्र त्या स्वस्ताईत लपलेले काही खर्चही होते. भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ साली बाजारातील आयात खेळण्यांचे नमुने तपासले, तेव्हा सुमारे दोनतृतीयांश नमुने सुरक्षिततेच्या कसोटीला उतरले नाहीत. बालक जी वस्तू आधी तोंडात घालते तीच अशी निघावी, तर तिची किंमत चिठ्ठीवरच्या आकड्यापुरती राहत नाही.

यानंतर धोरण बदलले. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट देण्यात आली. परिणाम दिसला. २०१८-१९ मध्ये ३७ कोटी १० लाख डॉलरची असलेली खेळण्यांची आयात २०२१-२२ मध्ये ११ कोटी डॉलरवर आली, आणि निर्यात २० कोटी २० लाखांवरून ३२ कोटी ६० लाख डॉलरवर गेली. कुडाळला लिहिलेल्या त्या पत्राचे सूत्र आजही चालते, याचा हा पुरावा होय.

परंतु येथेही तोच प्रश्न विचारावयास हवा. दुकानातील खेळणे महागले. तो वाढीव पैसा चितार आळीपर्यंत पोहोचला का? त्याचा मोठा वाटा प्लास्टिकच्या मोठ्या कारखान्यांकडे गेला. तेही देशीच आहेत आणि तेथेही हजारो हात काम करतात, ही समाधानाची गोष्ट. पण जकातीची भिंत कारागिराला फक्त अवधी मिळवून देते. त्या अवधीत नवे नमुने, वाळवलेल्या लाकडाचा नियमित पुरवठा, नोंदणी आणि विक्रीची वाट या चार गोष्टी झाल्या नाहीत, तर भिंतीच्या आडही कला विझते.

एका घरातील दोन भाऊ

खेळण्यांच्या बाबतीत बाजू निवडणे सोपे आहे. काजूच्या बाबतीत ते तसे नाही. सिंधुदुर्गात एका भावाची काजूची बाग आणि दुसऱ्याचा काजू फोडण्याचा कारखाना, असे चित्र सहज कल्पिता येते. आफ्रिकेतून कच्ची काजू बी मोठ्या प्रमाणावर देशात येते. २०१८ साली तिच्यावरील आयात शुल्क ५ टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आले. कारखानदार भावाला ते हवेच होते; स्थानिक बी वर्षभर पुरत नाही, आणि बी नसली की काजू सोलणाऱ्या बायांचे हात रिकामे राहतात. बागायतदार भावाच्या बीचा भाव मात्र ऐन हंगामात पडतो. शेवटी २०२४ साली राज्य शासनाला काजू बीसाठी किलोमागे १० रुपयांचे अनुदान जाहीर करावे लागले.

उलट सोललेल्या काजूगरावरील शुल्क जुलै २०१९ मध्ये ४५ टक्क्यांवरून ७० टक्के करण्यात आले. कारण व्हिएतनामने यंत्रांच्या बळावर या धंद्यात भारताला २००६ च्या सुमारास मागे टाकले होते. म्हणजे कारखानदार भावाला भिंत मिळाली, बागायतदार भावाचे कुंपण मात्र उघडे राहिले. हा दोष कोणा एकाचा नव्हे. एकाच वस्तूच्या दोन टप्प्यांवर दोन निरनिराळे हितसंबंध असतात, आणि ‘स्वदेशी’ हा शब्द उच्चारल्याने ते आपोआप जुळत नाहीत. ते जुळवावे लागतात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ यांसारख्या जाती देऊन आपला वाटा उचलला. ‘वेंगुर्ला काजू’ला भौगोलिक मानांकन मिळाले. आता उरलेला भाग बाजाराचा आहे. ‘कोकणचा काजू’ म्हणून विकला जाणारा गर खरोखर कोकणातल्या झाडाचा आहे की आफ्रिकेतील बी येथे फोडलेली आहे, हे पाकिटावर स्पष्ट लिहिले गेले, तर ग्राहक दोन पैसे जास्त द्यावेत की नाही हे स्वतः ठरवील.

घोषणेच्या पलीकडे

गलवानच्या रक्तरंजित संघर्षानंतर २०२० साली देशभर बहिष्काराच्या घोषणा घुमल्या. त्या भावनेचा आदर करूनही आकडे समोर ठेवले पाहिजेत. २०१९-२० मध्ये चीनमधून होणारी आयात सुमारे ६५ अब्ज डॉलरची होती. २०२४-२५ मध्ये ती ११३ अब्ज डॉलरच्या वर गेली. घरातील दिव्यांची माळ बंद झाली तरी कारखान्यातील यंत्र, औषधातील मूळ द्रव्य आणि दूरध्वनीतील सुटा भाग येतच राहिला.

औषधांचे उदाहरण तर महाराष्ट्राच्या दारातले आहे. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच, १९५४ साली, पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिन देशात तयार होऊ लागले. पुढे चीनचे मूळ द्रव्य स्वस्तात येऊ लागले, देशी उत्पादकांना ते करणे परवडेनासे झाले आणि एकेक कारखाना बंद पडला. काकीनाड्याच्या नव्या कारखान्यात ते द्रव्य पुन्हा मोठ्या प्रमाणावर होऊ लागण्यास २०२४ साल उजाडले. विद्या एकदा हातून गेली की ती परत आणण्यास पिढी लागते. स्वस्त वस्तूच्या चिठ्ठीवर न छापलेली सर्वांत मोठी किंमत हीच.

लोकमान्यांच्या काळातील धुरीणांना हे उमगले होते. परदेशी मालाची होळी पेटत असतानाच पैसा-पैसा जमवून ‘पैसा फंड’ उभा राहिला आणि १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. परदेशी काच फोडणारे पुष्कळ होते. काच ओतायला शिकविणारी शाळा उभी करणे अधिक अवघड होते, आणि अधिक टिकाऊही.

घरोघरी करण्यासारखे काय, असे विचारले जाते. प्रत्येक वस्तू देशीच घ्यावी, असा आग्रह मध्यमवर्गीय कुटुंबाच्या खिशाला झेपणारा नाही आणि तो फार दिवस टिकतही नाही. पण वर्षातील काही खरेदी तरी भाव न पाहता, पैसा कोठे जातो हे पाहून करता येते. बारशाला लाकडी पाळणा-खुळखुळा, बालवाडीला सावंतवाडीची फळे, दिवाळीच्या भेटीत गावच्या झाडाचा काजू. आणि ज्यांच्या हाती दुकान, पतपेढी वा ग्रामपंचायत आहे त्यांनी कारागिराला कर्ज, जागा आणि गिऱ्हाईक मिळवून द्यावे.

आणि येत्या चतुर्थीला माटवीचे सामान घेताना एवढे तरी करावे. दिव्यांच्या माळेसाठी जशी घासाघीस होत नाही, तशी ती टाळ विकणाऱ्या बाईपाशीही करू नये. तिला दिलेले पाच-दहा रुपये संध्याकाळपर्यंत त्याच बाजारात फिरून परत येतात.