लिहिणाऱ्याचा पेशा : हेर्त्सोगेनआउराखची गोष्ट कोणी कोणी सांगितली
(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



लेखक आणि माध्यमांतले जाणकार पोटापाण्यासाठी काय करतात, कुठून येतात, हा आजचा विषय. मराठीत तो बहुधा कुतूहलापुरता राहतो. मर्ढेकर आकाशवाणीत होते, अरुण कोलटकर जाहिरातीच्या धंद्यात होते, नारायण सुर्वे शाळेत शिपाई होते आणि पुढे शिक्षक झाले. पुस्तकाच्या मलपृष्ठावर आपण हे वाचतो आणि पुस्तक बाजूला ठेवताना विसरून जातो. माझं म्हणणं असं की ही माहिती मजकुरासोबत वाचली पाहिजे. लिहिणाऱ्याला काय दिसलं आणि काय दिसलंच नाही, हे पुष्कळदा त्याने आधी कोणतं काम केलं होतं आणि त्याचा पगार कुठून येत होता यावर ठरतं.

हे दाखवायला मी एक जर्मन गाव निवडलं आहे. बायर्न राज्याच्या उत्तर भागात, न्यूरेंबर्गच्या वायव्येला वीसेक किलोमीटरवर हेर्त्सोगेनआउराख आहे. आउराख नावाची लहानशी नदी, २४-२५ हजारांची वस्ती. पुण्यातल्या बऱ्याच अभियंत्यांना हे नाव ठाऊक असतं, कारण बेअरिंग बनवणाऱ्या शेफलरचं मुख्यालय तिथे आहे आणि तिच्या भारतीय कंपनीचं पुण्यात. बाकीच्यांचा या गावाशी संबंध आलाय तो पायांतून. आदिदास आणि प्यूमा दोन्ही तिथल्याच.

मूळ कथा थोडक्यात सांगतो, डास्लर कुटुंबाची. वडील बुटांच्या कारखान्यात कामाला, आई घरी लोकांचे कपडे धुऊन देणारी. थोरला रुडॉल्फ १८९८चा, धाकटा आडॉल्फ, म्हणजे आडी, १९००चा. आडी खरं तर बेकरीचं काम शिकला होता. १९२४ मध्ये ‘डास्लर बंधू’ हा कारखाना नोंदला गेला. १९३३ च्या मे महिन्यात दोघेही नाझी पक्षाचे सभासद झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये जेसी ओवेन्सच्या पायांत डास्लरांचे बूट होते. युद्धाच्या अखेरच्या काळात याच कारखान्यात रणगाडाविरोधी शस्त्राचे भाग तयार झाले. १९४८ मध्ये भाऊ वेगळे झाले, रुडॉल्फची प्यूमा आणि आडीची आदिदास. नदीच्या दोन बाजूंना दोन कारखाने उभे राहिले आणि समोरच्याशी बोलण्याआधी त्याच्या पायांतले बूट पाहणारं गाव, अशी हेर्त्सोगेनआउराखची ख्याती झाली.

ही गोष्ट तुम्ही कुठे ना कुठे ऐकली असेल. मला तीत अधिक महत्त्वाचं वाटतं ते हे, की ती वेगवेगळ्या पेशांच्या माणसांनी सांगितली आणि प्रत्येक वेळी ती निराळी झाली. १९५४ ची विश्वचषक फुटबॉलची अंतिम लढत घ्या. बर्नच्या पावसात जर्मनीने हंगेरीला ३-२ असं हरवलं. बुटांना फिरवून बसवता येणारे खिळे त्या दिवशी कामी आले. आदिदासची प्रसिद्धी पाहिली तर ही आडीची करामत. प्यूमा सांगते की असे बूट आपण १९५२ मध्येच बाजारात आणले होते. दोन्हीकडचे लेखक कुशल होते आणि दोघांचेही पगार त्याच गावातून निघत होते. एका पिढीने वृत्तपत्रांत वाचलेला क्रीडा-इतिहास पुष्कळसा असा, कंपनीच्या टेबलावरून, आलेला आहे.

आता हान्स हेनिंगसेन. हा जर्मन पत्रकार ब्राझीलमध्ये राहत होता आणि तिथल्या फुटबॉलपटूंशी त्याचा घरोबा होता. प्यूमाने नेमका त्यालाच हाताशी धरला. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकापूर्वी आदिदास आणि प्यूमा या दोघांनी पेलेच्या मागे लागायचं नाही, असं डास्लरांच्या पुढच्या पिढीने आपसांत ठरवलं होतं. बोली लागली तर रक्कम हाताबाहेर जाईल ही भीती. तो करार टिकला नाही. पेले प्यूमाकडे आला तो हेनिंगसेनच्या हातून. सामना सुरू होण्याच्या क्षणी पेलेने पंचांना थांबायची खूण केली, वाकून बुटाची नाडी बांधली आणि जगभरच्या दूरचित्रवाणी संचांवर प्यूमाचा बूट दिसला. हा सामना पेरूविरुद्धचा की इटलीविरुद्धची अंतिम लढत, याबद्दल सांगणारे एकमेकांशी जुळत नाहीत. पण कॅमेरा कधी कुठे वळेल हे पत्रकाराला कळतं, आणि या प्रसंगाला किंमत आली ती त्या ज्ञानामुळे. वार्ताहर म्हणून मिळवलेला विश्वास एका कंपनीच्या कामी लागला. मला ही गोष्ट अस्वस्थ करते. खेळाडूने दार उघडलं होतं ते ओळखीच्या पत्रकारासाठी.

हेनिंगसेनने एका बुटासाठी जे केलं ते आडीच्या मुलाने, होर्स्ट डास्लरने, सबंध खेळांच्या बाबतीत केलं. होर्स्टचा जन्म १९३६ चा. विशीत असताना त्याला मेलबर्न ऑलिम्पिकला पाठवलं गेलं आणि त्याने खेळाडूंना बूट फुकट वाटले. पुढे फ्रान्समध्ये अल्सासला राहून त्याने आदिदासची फ्रेंच शाखा वाढवली, आणि खेळांच्या संघटना चालवणाऱ्यांची बारीकसारीक माहिती जमवून ठेवायची सवय लावून घेतली. कोणाला काय आवडतं, कोणाची कोणाशी खुन्नस आहे, कोणाला पुढच्या निवडणुकीत मतं हवीत. १९७४ मध्ये ब्राझीलचे हावेलांज फिफाचे अध्यक्ष झाले, तेव्हा या माहितीला सोन्याची किंमत आली. अध्यक्षांना आश्वासनं पाळायला पैसा हवा होता आणि तो कुठून आणायचा हे होर्स्टला कळत होतं.

त्याच्या जोडीला आले लंडनचे पॅट्रिक नॅली. ते जाहिरात क्षेत्रातले, आणि त्यांचे भागीदार पीटर वेस्ट बीबीसीचे निवेदक. क्रिकेटप्रेमींना वेस्ट माहीत असतील. बीबीसीच्या पडद्यावर क्रिकेटचं सूत्रसंचालन त्यांनी अनेक वर्षं केलं. जाहिरातवाला, निवेदक आणि बूटवाल्याचा मुलगा यांच्या तीन पेशांच्या अनुभवातून आजच्या क्रीडा-प्रक्षेपणाचा सांगाडा तयार झाला. मैदानाच्या कडेला मोजकेच फलक, एका प्रकारच्या मालाची एकच कंपनी आणि सगळे हक्क एकगठ्ठा विकायचे. आज आपण आयपीएल पाहताना जे डोळ्यांना सवयीचं झालंय त्याची मुळं इथे आहेत. १९८२ मध्ये होर्स्टने जपानच्या देन्त्सू या जाहिरात कंपनीबरोबर आयएसएल ही कंपनी काढली. १९८५ मध्ये ऑलिम्पिकच्या जागतिक पुरस्कर्त्यांची योजना तिच्याकडे आली. होर्स्ट १९८७ मध्ये, अवघ्या ५१ व्या वर्षी, गेला. आयएसएल २००१ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

या सगळ्या काळात विश्वचषक आणि ऑलिम्पिकला शेकडो क्रीडा पत्रकार जात होते. त्यांच्यात अत्यंत जाणते लोक होते. पण स्पर्धेचं प्रवेशपत्र देणारी संघटना, आणि बातमीही त्या संघटनेचीच. पुढच्या स्पर्धेला आत जायचं असेल तर आजचा प्रश्न जपून विचारावा लागतो. म्हणून पैशांचा माग काढायला निघालेला माणूस क्रीडापानावरचा नव्हता, यात मला नवल वाटत नाही.

अँड्र्यू जेनिंग्ज हे गुन्हेगारीचे वार्ताहर. स्कॉटलंड यार्डमधल्या भ्रष्टाचारावर त्यांनी बीबीसीसाठी केलेला कार्यक्रम दाखवला गेला नाही, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि त्या विषयावर पुस्तक लिहिलं. नंतर ते ऑलिम्पिककडे वळले. व्हिव्ह सिमसन यांच्यासोबतचं ‘द लॉर्ड्‌स ऑफ द रिंग्ज’ १९९२ मध्ये आलं. त्याबद्दल स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या न्यायालयाने त्यांना पाच दिवसांची निलंबित कैद सुनावली. त्या पुस्तकात होर्स्ट डास्लर मध्यवर्ती आहे, आणि बूट त्यात जवळजवळ नाहीतच. जेनिंग्जना खेळाची जादू कधी भुरळ घालू शकली नाही. टोळी कशी चालते हे त्यांनी पोलिसांवर लिहिताना पाहिलं होतं आणि पुढे फिफात त्यांना तीच रचना दिसली. कागद कुठे असतो, तो कोणाच्या कपाटातून बाहेर येऊ शकतो, नाराज माणूस कसा ओळखायचा, हे त्यांचं शिक्षण. फिफाने त्यांना पत्रकार परिषदांची दारं बंद केली. त्यांना फरक पडला नाही. प्रवेशपत्रावर त्यांचं पोट नव्हतं.

पुढे बीबीसी आणि काही स्विस पत्रकार न्यायालयात गेले आणि जुलै २०१२ मध्ये स्विस सरकारी वकिलांचा आयएसएलविषयीचा आदेश प्रसिद्ध झाला. त्यात १९९७ साली हावेलांज यांना आयएसएलकडून मिळालेल्या किमान १५ लाख स्विस फ्रँकची नोंद आहे. त्या काळी स्वित्झर्लंडमध्ये अशी व्यावसायिक लाच हा गुन्हाच नव्हता. हा तपशील फार बोलका आहे. पोलीसपानाचा वार्ताहर नसता तर गुन्हा नसलेल्या व्यवहारामागे इतकी वर्षं कोण धावलं असतं?

डच पत्रकार बार्बारा स्मिट यांनी डास्लर घराण्यावर पुस्तक लिहिलं ते याहून अगदी वेगळं. त्या उद्योगजगतावर लिहिणाऱ्या. आधीचं पुस्तक हायनेकेन या बिअर कंपनीवरचं. घराण्याची कंपनी दुसऱ्या पिढीत कशी फुटते, जावई-सुना कुठे उभ्या राहतात, बँका केव्हा दम देतात, हे त्यांना दिसतं. त्यामुळे आडीची पत्नी केटे त्यांच्या पुस्तकात जिवंत होते. क्रीडा पत्रकारांच्या लिखाणात ती पाहुण्यांना कॉफी देण्यापुरती असते. २०१८ मध्ये चार इतिहासकारांनी मिळून आदिदासचा इतिहास लिहिला. त्यांना दप्तरं वाचता येतात, म्हणून युद्धकाळ आणि त्यानंतरची नाझी सभासदांची चौकशी हा भाग त्यांच्याकडे सविस्तर येतो. कुटुंबात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत तो चटकन संपतो. गाव एकच, माणसंही तीच.

आता आपल्याकडे येऊ. मराठी क्रिकेट-समालोचन घडवणारे बाळ ज. पंडित महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले होते, म्हणून चेंडूचा टप्पा पडण्याआधी फलंदाजाचा पाय कुठे गेला हे त्यांच्या बोलण्यात यायचं. द्वारकानाथ संझगिरी मुंबई महापालिकेत अभियंता होते, पाणीपुरवठ्याच्या कामात. महिन्याचा पगार पालिकेकडून येत असल्याने क्रिकेटवर ते मोकळेपणाने, प्रेमाने, रसिकाच्या थाटात लिहू शकले. त्यांची शैली मला त्या निर्धास्तपणाची वाटते. वि. वि. करमरकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये क्रीडापान उभं केलं. क्रिकेटबाहेरचे खेळ आणि त्या खेळांच्या संघटना त्यांनी बातमीचा विषय केल्या, आणि संघटकांना अडचणीचे प्रश्न विचारले. ती वाट नंतर पुरेशी रुळली नाही याचं मला वाईट वाटतं. खेळाची शोभा सांगणारे मराठीत भरपूर झाले, खेळाचे हिशेब वाचणारे फार थोडे.

हे काम अशक्य नाही. आपल्याकडच्या अनेक क्रीडा संघटना संस्था म्हणून आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या आहेत. त्यांना तपासलेले हिशेब धर्मादाय कार्यालयात दाखल करावे लागतात. तो कागद मागायचा कसा, त्यातला कोणता आकडा आधी पाहायचा, विश्वस्त बदलल्याची नोंद करणारे ‘बदल अर्ज’ का अडून राहतात, हे न्यायालय किंवा महापालिका सांभाळलेल्या वार्ताहराला पाठ असतं. आपल्या शहरातल्या एखाद्या दैनिकाने असा एक माणूस वर्षभरासाठी क्रीडा विभागात बसवावा, आणि त्या वर्षात त्याच्याकडून रोजची बातमी मागू नये. इथे बसलेल्या संपादक मंडळींपुढे मी ही मागणी ठेवतो, आणि त्यांचं उत्तर ऐकायला मी थांबणार आहे.