राजीनामा दिला, पगाराचं काय?

‘फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी होईल,’ हे वाक्य राजीनामा देणाऱ्या बहुतेकांनी ऐकलेलं असतं. चाकणच्या कारखान्यातला सुपरवायझर असो की हिंजवडीतली इंजिनिअर, दोघंही मुकाट मान डोलावतात. कायदा मात्र वेगळंच सांगतो.

१९३६च्या वेतन प्रदान कायद्यात दोन दिवसांची मुदत होती, पण ती मालकानं कामावरून काढल्यास. स्वतःहून नोकरी सोडणारा त्यात बसत नव्हता. २०१९च्या वेतन संहितेनं ही फट बुजवली. २१ नोव्हेंबर २०२५पासून ती लागू झाली असून राजीनामा दिलेल्यालाही दोन कामाच्या दिवसांत वेतन मिळायला हवं. ग्रॅच्युइटीची मुदत वेगळी, ३० दिवसांची.

नोटीस पूर्ण न करता निघालेल्याचं काय? करारात तसं कलम असेल तर कंपनी नोटीस काळाची भरपाई मागते, आणि ते गैरही नाही. पण वेतनातून होणारी एकूण कपात निम्म्यापेक्षा जास्त नसावी, असं संहिता बजावते.

थकलेल्या वेतनासाठी अर्ज करायला आता तीन वर्षं मिळतात. पूर्वी बाराच महिने होते. अर्जासोबत नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा आणि राजीनाम्याचा तारखेसह ईमेल लागतो. ऑफिसचा ईमेल शेवटच्या दिवशी बंद होतो, तेव्हा प्रती आधीच काढलेल्या बऱ्या.