दूरदेशी निवर्तलेल्या आप्तांची मृत्युनोंद

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात कुलवृत्तांत समितीच्या वतीने झालेले भाषण)



कुलवृत्तांताचे काम गेली काही वर्षे आमच्या समितीकडे आहे. कोणत्याही घराण्याची वंशावळ हाती घेतली म्हणजे जन्म, विवाह आणि मृत्यू अशा तीन नोंदी प्रत्येक नावापुढे मांडाव्या लागतात. पहिल्या दोन वडीलधाऱ्यांच्या स्मरणातून बहुधा मिळतात. तिसरी मात्र पुष्कळदा अडते. ‘अमेरिकेत निवर्तले’ एवढेच शब्द लिहून पुढचा रकाना मोकळा सोडावा लागतो, अशी नावे आमच्या वहीत वाढत चालली आहेत. १९६५ साली अमेरिकेने आपला स्थलांतराचा कायदा बदलला. त्यानंतर आपल्याकडील डॉक्टर, इंजिनियर व संशोधक मंडळी तिकडे गेली. त्या पहिल्या पिढीतील अनेकजण आज हयात नाहीत. त्यांच्या मृत्यूची नोंद कोठे असते व ती कशी मागवावी, हा आमचा आजचा विषय आहे. संमेलनासारख्या आनंदाच्या प्रसंगी हा विषय काढल्याबद्दल आपण क्षमा कराल. परंतु सर्व घराणी एकत्र येतात ती याच दिवशी, म्हणून आमचाही निरुपाय आहे.

हा प्रश्न केवळ वहीतील रकान्याचा नव्हे, हे आम्हांस एका कुटुंबाच्या अनुभवावरून कळले. कोकणातील त्या घरी दोघे भाऊ. थोरले अविवाहित, ते कॅलिफोर्नियात गेले आणि तिकडेच राहिले. १९८६ च्या दिवाळीत त्यांच्या एका स्नेह्याचे पत्र आले. त्यात मृत्यूची तारीख आकड्यांत ३-७-१९८६ अशी होती. घरच्यांनी ती ३ जुलै अशी वाचली, पंचांग पाहून ज्येष्ठ वद्यातील तिथी काढली, आणि धाकट्या बंधूंनी वर्षानुवर्षे त्या तिथीस श्राद्ध केले. कुलवृत्तांतातही आम्ही तीच तारीख छापली.

पुढे वडिलोपार्जित जमिनीच्या सात-बारावर वारसांची नोंद करण्याची वेळ आली, तेव्हा महसूल कार्यालयाने मृत्यूचा दाखला मागितला. स्नेह्याचे पत्र हा काही दाखला नव्हे. थोरले बंधू ज्या गावी राहत होते तेथील काउंटीच्या कार्यालयास पत्र गेले. उत्तर आले की अशा नावाची नोंद आढळत नाही. घरची मंडळी हताश झाली आणि कागद आमच्याकडे आले. त्यांचे उत्तर शोधताना आम्ही जे शिकलो, ते आपणांसमोर क्रमाने मांडतो.

प्रथम काउंटी म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आपल्याकडे राज्याखाली जिल्हा, तशी तिकडे राज्याखाली काउंटी. एकट्या कॅलिफोर्नियात अशा ५८ काउंट्या आहेत. मृत्युनोंदीचे संपूर्ण देशाचे असे एक दप्तर तेथे नाही. हा विषय राज्यांचा आहे, आणि राज्याराज्यांत रीत वेगळी. कॅलिफोर्नियात काउंटीच्या रेकॉर्डरकडे ही नोंद असते. अगदी अलीकडच्या मृत्यूची नोंद काउंटीच्या आरोग्य खात्याकडे मिळते. आणि जुलै १९०५ पासूनचे राज्याचे दप्तरही आहे. इलिनॉयमध्ये काउंटी क्लार्ककडे जावे लागते. न्यू जर्सीत मात्र हे काम काउंटीचे नसून त्या त्या नगराच्या स्थानिक निबंधकाचे व राज्याचे आहे, आणि न्यूयॉर्क शहराचे दप्तर राज्याच्या दप्तराहून निराळे आहे. यास्तव पत्र लिहिण्यापूर्वी राज्य निश्चित करावे, आणि त्या राज्यात नोंद कोण ठेवतो ते पाहावे.

यानंतरचा नियम सर्वांत महत्त्वाचा. माणूस जेथे राहत होता तेथे नव्हे, तर जेथे मृत्यू घडला तेथे नोंद होते. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे ज्या हद्दीत मृत्यू झाल्याचे अधिकृतपणे सांगितले गेले अथवा देह सापडला, त्या हद्दीच्या निबंधकाकडे आठ दिवसांच्या आत व अंत्यविधीपूर्वी नोंद करावी लागते. आपल्याकडील १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याचे तत्त्वही हेच आहे. गावचा मनुष्य मुंबईच्या इस्पितळात गेला तर नोंद मुंबईस होते. कोकणातील त्या कुटुंबाचे पत्र येथेच चुकले होते. थोरले बंधू राहत होते एका काउंटीत, आणि त्यांचा अंत झाला शेजारच्या काउंटीतील इस्पितळात.

हे कळले कसे? १९४० ते १९९७ या काळात कॅलिफोर्नियात झालेल्या मृत्यूंची एक सूची राज्याने केलेली आहे, आणि ती फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. तीत नाव, जन्मतारीख, मृत्यूची तारीख आणि मृत्यू ज्या काउंटीत झाला तिचे नाव असते. सूची म्हणजे दाखला नव्हे; परंतु दाखला कोणाच्या दारी मागावा, हे ती सांगते. त्यानंतरच्या मृत्यूंसाठी इस्पितळाची कागदपत्रे, वृत्तपत्रातील निधनवार्ता, अंत्यविधी करणारी संस्था आणि तेथील स्नेहीमंडळी यांच्याकडे विचारणा करावी.

शोधताना नावाची फार काळजी घ्यावी. आपले एकच आडनाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारांनी लिहिले जाते. ‘व’ साठी कोणी व्ही लिहितो, कोणी डब्ल्यू. वडिलांचे नाव मध्ये घालण्याची आपली चाल तिकडे कधी टिकते, कधी गळते. सासरच्या नावाने न सापडलेली मुलगी माहेरच्या नावाने सापडू शकते. सर्व रूपे कागदावर लिहून एकेक पाहावे.

आता मागणी कोणी करावी, हे सांगतो. कॅलिफोर्नियात दोन प्रकारच्या प्रती मिळतात. एक अधिकृत प्रत आणि दुसरी केवळ माहितीपुरती. माहितीपुरती प्रत कोणासही मिळते, परंतु ओळख सिद्ध करण्यास ती चालत नाही, असा शेरा तीवर असतो. कुलवृत्तांतास ती पुरेशी आहे. जमिनीच्या व बँकेच्या कामास अधिकृत प्रत मागावी. ती मागण्याचा हक्क आईवडील, पती वा पत्नी, मुले, भाऊबहीण, आजीआजोबा आणि नातवंडे यांस नावानिशी दिलेला आहे. पुतण्या, भाचा, चुलतभाऊ ही नाती त्यांत नावानिशी नाहीत. त्यांस आपला अधिकार अन्य मार्गाने सिद्ध करावा लागतो. आपल्या एकत्र कुटुंबपद्धतीत पुतण्या म्हणजे मुलगाच; त्या दूरच्या कार्यालयास हे ठाऊक नसते.

मागणीपत्रात मृताचे संपूर्ण नाव व त्याची अन्य रूपे, जन्मतारीख, आईवडिलांची नावे, मृत्यूची तारीख अथवा संभाव्य वर्षे, गाव व इस्पितळ, आपले नाते, हेतू आणि प्रतींची संख्या एवढे असावे. तीन प्रती तरी एकदम मागवाव्यात. अधिकृत प्रत टपालाने मागवताना आपले नाते सांगणारे शपथपत्र साक्षांकित करून जोडावे लागते. शुल्क वेळोवेळी बदलते, म्हणून किती व कसे पाठवावे हे आधी विचारावे. नोंद न सापडली तरी शोधाचे शुल्क परत मिळत नाही. ‘नोंद नाही’ असे प्रमाणपत्र मिळते. तेही जपून ठेवावे, कारण एक काउंटी शोधून झाल्याचा तो पुरावा होय. भारतात वापरण्यासाठी प्रतीवर त्या राज्याच्या सचिवाचे अपोस्टिल घ्यावे. या पद्धतीचा आंतरराष्ट्रीय करार भारतात २००५ पासून लागू आहे.

दाखला हाती आला की तो शांतपणे वाचावा. जन्मस्थळ, आईवडिलांची नावे, व्यवसाय, मृत्यूची वेळ, माहिती देणाऱ्याचे नाव, दहन वा दफन कोठे झाले, हे सारे त्यात असते. मृत्यूचे कारणही असते. आपल्याकडील कायदा उताऱ्यात कारण उघड करू देत नाही. तोच संयम आम्ही कुलवृत्तांतात पाळतो, आणि कोणत्याही घराचे असे कारण छापत नाही.

आणि तारीख! अमेरिकेत आकड्यांत तारीख लिहिताना महिना आधी आणि दिवस नंतर येतो. त्या स्नेह्याने तिकडच्या रीतीने लिहिलेले ३-७ म्हणजे ३ जुलै नव्हे, ७ मार्च. तिथी ज्येष्ठ वद्यातील नव्हे, माघ वद्यातील. शिवाय मार्चच्या त्या दिवसांत तेथील घड्याळ आपल्यामागे साडेतेरा तास असते. म्हणून दाखल्यावरील वेळही पुरोहितांस दाखवावी आणि मगच तिथी निश्चित करावी.

धाकटे बंधू त्या वेळी ८४ वर्षांचे होते. शपथपत्राचे साक्षांकन करण्यासाठी ते नातवाचा हात धरून मुंबईस अमेरिकी वकिलातीत गेले, कारण मागणीचा निर्विवाद हक्क त्या घरात त्यांच्या एकट्याचा उरला होता. दाखला आला तेव्हा त्यांनी ती तारीख दोनदा वाचून घेतली आणि म्हणाले, “इतकी वर्षे दादाला भलत्याच दिवशी हाक मारीत होतो.” पुढील माघात त्यांनी योग्य तिथीस श्राद्ध केले. ते त्यांच्या हातचे पहिले आणि शेवटचे ठरले. त्या वर्षअखेर ते स्वतः गेले. जमिनीची नोंद झाली. आणखी एक वर्ष आम्ही आळस केला असता, तर पुतण्यांस किती दारे ठोठवावी लागली असती, कोण जाणे. चुकीची तारीख पडताळून न पाहता छापण्याचा दोष आमचा होता. पुढील आवृत्तीत ती दुरुस्त होत आहे.

ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांस आपण सर्वपित्री अमावास्येस पाणी देतो. ती सोय शास्त्राने करून ठेवली आहे, ती निरुपायासाठी. आपल्या आळसासाठी नव्हे. आमची विनंती एवढीच की, घरी गेल्यावर आपल्या वंशावळीत परदेशी निवर्तलेले कोणी असेल तर त्याचे भाऊ, बहीण, मुले यांपैकी आज कोण हयात आहे ते पाहा, आणि त्यांच्याच सहीने मागणीपत्र लिहा. पत्र लिहिण्यास साहाय्य हवे असेल तर समिती आपलीच आहे. नोंद त्या कार्यालयात शंभर वर्षेही राहील. ती मागण्याचा हक्क असलेले माणूस तितके दिवस राहत नाही.