ग्रॅनाडाची पायवाट आणि अलहंब्राचे संग्रहालय

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



संमेलनातील वक्त्याने पूर्वजांच्या वैभवाचे गोडवे गावेत आणि श्रोत्यांनी टाळ्या वाजवून घरी जावे, असा एक प्रघात पडला आहे. तो थोडा बाजूला ठेवून आज मी आपल्याला एका शहरातून पायी फिरवून आणणार आहे. फेरी अर्ध्या दिवसाची आहे. तिच्यात नदी आहे, टेकडी आहे, झाडी आहे आणि मध्यभागी एक संग्रहालय आहे.

आपल्या शाळांतून सहल आणि संग्रहालय या दोन गोष्टींची फारकत झालेली दिसते. सहल म्हणजे डबे, गाणी आणि दंगा. संग्रहालय म्हणजे रांग, शिस्त आणि "हात लावू नका". मुले पहिल्यात रमतात आणि दुसऱ्यात जांभया देतात. दोष मुलांचा नाही. काचेच्या कपाटातील वस्तू ज्या मातीतून आली ती माती त्यांनी पाहिलेली नसते. ती आधी पायांखालून गेली, तर वस्तू बोलू लागते. याचे मला ठाऊक असलेले सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे स्पेनमधील ग्रॅनाडा. आपल्या अरबी-उर्दू ग्रंथांतील गरनाता.

नस्री घराण्याच्या पहिल्या मुहम्मदाने इ. स. १२३८ मध्ये येथील टेकडीवर अलहंब्राच्या बांधकामास हात घातला. हे राज्य अडीचशे वर्षे टिकले आणि २ जानेवारी १४९२ रोजी संपले. एवढा इतिहास पाठीशी घेऊन आपण चालू लागू.

शहराच्या जुन्या भागातील नव्या चौकातून दारो नदीच्या काठाने एक अरुंद रस्ता निघतो. नदी म्हणजे आपल्याकडचा एखादा ओढाच. तिच्यावर दगडी पूल आहेत. उजवीकडे उंचावर अलहंब्राच्या तांबूस भिंती आणि डावीकडे अल्बायसीन या जुन्या मोहल्ल्याची पांढरी घरे. वाटेत अकराव्या शतकातील एक सार्वजनिक हमामखाना लागतो. त्याच्या छताला चांदणीच्या आकाराची भोके आहेत. त्यांतून उजेड खाली उतरतो. राजवाड्याच्याही आधीचे हे बांधकाम सामान्य माणसांच्या अंघोळीसाठी होते, हे ध्यानात ठेवावे.

हमामखान्याच्या मागच्या बाजूला एक जागा आहे. तेथे पूर्वी मारिस्तान, म्हणजे रुग्णालय होते. १४९२ नंतर त्याची टांकसाळ झाली आणि १८४३ मध्ये बहुतेक इमारत पाडली गेली. मूळ इमारतीचा थोडाच भाग उरला. प्रवासी सहसा न थांबता पुढे जातात. आपण मात्र मिनिटभर थांबू, कारण या जागेची आपल्याला पुढे गरज पडणार आहे.

पुढे रस्ता रुंद होतो. त्या भागाला दुःखितांचा रस्ता म्हणतात, कारण कबरस्तानाकडे जाणाऱ्या अंत्ययात्रा येथून जात असत. येथून पूल ओलांडला की टेकडी चढणारी पायवाट सुरू होते. एका बाजूला अलहंब्राचा तट, दुसऱ्या बाजूला जन्नतुल-आरिफ, म्हणजे हेनेरालिफे या बागेची टेकडी आणि मधल्या घळीतून आपण. चढ दमछाक करणारा आहे, पण पाण्याचा आवाज सोबत असतो. वर पोचता पोचता डोक्यावर एक जुना जलसेतू दिसतो. पहिल्या मुहम्मदाच्या काळात दारो नदीचे पाणी सुमारे ६ किलोमीटर वरून वळवून, केवळ उताराच्या हिशेबाने, या टेकडीवर आणले गेले. हा कालवा नसता तर अलहंब्रातील एकही कारंजे उडाले नसते. ज्याने चढ चढला त्यालाच त्या पाण्याची किंमत कळते. मोटारीने थेट दरवाजाशी उतरणाऱ्यास कारंजे दिसते, पण ते येथवर आणणारे गणित दिसत नाही.

आता संग्रहालयात शिरू. सम्राट पाचव्या चार्ल्सने अलहंब्राच्या आवारात १५२७ पासून एक राजवाडा बांधावयास घेतला; बाहेरून चौकोनी, आत वर्तुळाकार अंगण. त्याच्या तळमजल्यावर अलहंब्राचे संग्रहालय आहे. नस्री महालांसाठी ठरलेल्या वेळेचे तिकीट लागते आणि तेथे गर्दी उसळते. संग्रहालयात त्या मानाने शांतता असते.

येथील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे हरणांचा रांजण. उंची सुमारे १३५ सेंटिमीटर. पांढऱ्या झिलईवर निळा आणि सोनेरी रंग, समोरासमोर उभी असलेली दोन हरणे आणि अरबी अक्षरांची पट्टी. रांजणाचा एक कान तुटलेला आहे. कुंभाराचे नाव कोणाला ठाऊक नाही. जवळच महालातील एका दालनाचे लाकडी दार आहे; लहान लहान तुकडे एकमेकांत बसवून केलेले. ते पाहताना भूमिती हा विषय केवळ परीक्षेसाठी नसतो, हे पटते. मुलांच्या खेळण्यांतल्या मातीच्या चिमुकल्या वस्तूही येथे आहेत. राजवाड्याखाली शहर होते आणि शहरात मुले खेळत होती, याची ही साक्ष.

आणि येथेच आहे ती संगमरवरी शिला. खाली नदीकाठी आपण ज्या जागेपाशी थांबलो होतो, त्या मारिस्तानच्या पायाभरणीचा हा लेख. सुलतान पाचव्या मुहम्मदाने गरीब आजारी मुसलमानांसाठी हे रुग्णालय बांधविले. काम हिजरी ७६७ च्या मुहर्रममध्ये सुरू होऊन ७६८ च्या शव्वालमध्ये, म्हणजे इ. स. १३६५ ते १३६७ या काळात पुरे झाले, असे तो सांगतो. मारिस्तानच्या हौदाकाठचे दोन दगडी सिंहही येथे आहेत.

मित्रहो, अलहंब्रातील जगप्रसिद्ध सिंहांचा चौकही याच पाचव्या मुहम्मदाने बांधला. एकाच राजाची ही दोन कामे. एकाचे चित्र आपल्या घरांतल्या कॅलेंडरवर असते. दुसऱ्याचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? महालावर आपण अभिमान बाळगला आणि दवाखाना विसरलो. नुसते संग्रहालय पाहिले तर ती शिला एक दगड वाटते, आणि नुसती फेरी मारली तर ती जागा एक आवार वाटते. दोन्ही जोडली की एक रुग्णालय पुन्हा उभे राहते.

शाळेबद्दलही असेच. १३४९ मध्ये पहिल्या यूसुफने ग्रॅनाडात मदरसा स्थापन केला. आज ती वास्तू ग्रॅनाडा विद्यापीठाकडे आहे. सिंहांच्या कारंजावर ज्याची कविता कोरली आहे तो इब्न जमरक अल्बायसीनमधील एका साध्या घरात जन्मला, शिकला आणि वजीर झाला. राजवाड्याच्या दगडावर त्याचे शब्द गेले ते शिक्षणामुळे.

पुढे १५०० च्या सुमारास याच शहराच्या चौकात अरबी ग्रंथ जाळण्यात आले. तेव्हा वैद्यकाचे ग्रंथ तेवढे वगळले, कारण जाळणाऱ्यांनाही त्यांची गरज होती. या घटनेवर आपल्याकडे अश्रू पुष्कळ ढाळले गेले. माझ्या मते तिच्यातून घ्यावयाचा धडा वेगळा आहे. जे ज्ञान लोकांच्या उपयोगी पडते, ते शत्रूलाही जपावे लागते.

कोणी म्हणेल, आम्हाला स्पेनला जाणे कसे परवडणार? जाण्याची गरज नाही. ज्या इब्न बतूताने १३५० च्या सुमारास ग्रॅनाडा पाहिले, त्याने त्याआधी आपले दौलताबादही पाहिले होते. सोलापूरपासून शंभर किलोमीटरवर विजापूर आहे. तेथे गोलघुमटासमोरच्या नगारखान्यात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. त्यात हस्तलिखिते, चित्रे, गालिचे आणि शिलालेख आहेत. त्याच शहरात ताज बावडी आहे, बेगम तलाव आहे आणि नळांतून पाणी खेळविण्यासाठी बांधलेले जलमनोरे आहेत. आधी पाण्याच्या वाटेने मुलांना चालवा, मग संग्रहालयात न्या. प्रत्येकाने एकच वस्तू निवडावी, तिच्यासमोर दहा मिनिटे बसावे, तिचे चित्र काढावे आणि ती कोणाच्या कामी येत होती एवढे चार ओळींत लिहावे. भिंतीवर आपले नाव कोरण्यापेक्षा वहीत कारागिराचे काम उतरविणे अधिक शोभते.

पालकांना एक विनंती. सहलीच्या यादीत मुलांची नावे भराभर येतात आणि मुलींच्या नावापुढे "घरी काम आहे" असा शेरा येतो. शिक्षिका सोबत आहेत, रात्रीचा मुक्काम नाही, तरीही नकार येतो. भूमिती, पाणी आणि दवाखाना या विषयांची गरज मुलींना कमी असते काय? उद्याच्या मारिस्तानात डॉक्टर म्हणून त्याच उभ्या राहणार आहेत. त्यांना पाठवा.

संस्थेनेही पुढील वर्षी अशी एक सहल आखावी आणि मुला-मुलींनी काढलेली चित्रे पुढच्या स्मरणिकेत छापावीत, अशी सूचना करतो.