परळच्या प्रयोगशाळेत सापडलेला रक्तगट



रक्तदान शिबिरातून परतणाऱ्या रक्तदात्याच्या हाती एक कार्ड पडते. त्यावर नाव, दिनांक आणि रक्तगट. पुढे आयुष्यभर माणूस तो गट वाहन परवान्याच्या अर्जावर, कार्यालयाच्या ओळखपत्रावर निःशंक मनाने लिहीत राहतो. ते एक अक्षर चुकीचे असू शकेल, ही शंका सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही. बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबरच असते. आजचे विवेचन मात्र त्या मोजक्या माणसांविषयी आहे, ज्यांच्या कार्डावर ‘ओ’ लिहिलेले असते आणि जे ‘ओ’ गटाचे नसतात. अशी माणसे ज्या रुग्णालयात प्रथम ओळखली गेली, ते शेलारपासून फार दूर नाही. ते आहे मुंबईत, परळला.

के. ई. एम. रुग्णालय आज सर्वांच्या परिचयाचे आहे. गावात कोणाला मोठा आजार झाला की ‘के. ई. एम.ला न्या’ हा सल्ला ठाणे जिल्ह्यातही अजून दिला जातो. या संस्थेच्या जन्मकथेकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. रुग्णालयाला जोडलेले शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२५ साली सुरू झाले आणि रुग्णालय १९२६ साली. परकीय राज्य होते. वैद्यकीय शिक्षणातील वरिष्ठ पदे प्रायः गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत. अशा काळात महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्यांनी अट घातली की, येथील अध्यापक पात्र भारतीयच असावेत आणि ते सरकारी सेवेतील नसावेत. भारतीय डॉक्टरला संधी मिळाली तर तो केवळ उपचार करील की नवे ज्ञानही निर्माण करील, हा प्रश्न त्या अटीत दडलेला होता. त्याचे एक उत्तर सव्वीस वर्षांनी मिळाले.

रुग्णालय महापालिकेचे, सर्वसामान्यांचे. भोवती गिरणगाव. पुढे १९८२ च्या संपानंतर ज्या कापडधंद्याचा मोठा भाग भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळला, तो त्या काळी परळ-लालबागला एकवटलेला होता. अपघात, मारामाऱ्या, अवघड बाळंतपणे यांचा ओघ रात्रंदिवस चालू असे. अशाच रुग्णांमध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त आढळले की, ज्याची कोणाशीच जुळणी होईना. एकाला रेल्वे अपघातात इजा झालेली, दुसऱ्याला भोसकल्याची जखम. नेहमीच्या तपासणीत रक्त ‘ओ’ दिसत होते. परंतु ‘ओ’ गटाच्या रक्तदात्याच्या तांबड्या पेशी त्यांच्या रक्तद्रवात मिसळल्या की पेशींचे पुंजके होत. ए नाही, बी नाही, आणि ओसुद्धा नाही.

या क्षणी काय घडू शकले असते, याचा विचार करण्यासारखा आहे. गर्दीच्या रुग्णालयात ‘तपासणीचे द्रव्य खराब असेल’ असे म्हणून प्रश्न बाजूला सारणे अगदी सोपे होते. परळच्या मंडळींनी तसे केले नाही. रक्त पुन्हा पुन्हा तपासले. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील रूथ सँगर, आर. आर. रेस, डब्ल्यू. टी. जे. मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स या तज्ज्ञांची साथ मिळाली आणि मे १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लेखकांच्या यादीत पहिली तीन नावे भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांची होती. लंडनची नावे त्यानंतर. स्वातंत्र्याला पाच वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. रक्तगटांचे दाखले पुराणांत शोधण्याची हौस काहींना असते. अभिमानाला आधारच हवा असेल तर एवढे लांब जाण्याचे कारण नाही, तो परळला आहे, आणि तारीखवार आहे.

या गटाला पुढे ‘बॉम्बे’ हे नाव पडले. शहर १९९५ साली अधिकृतपणे मुंबई झाले, विज्ञानाच्या ग्रंथांत मात्र जुने नाव टिकून राहिले आहे. नावावरून अनेकांचा समज होतो की, हा मुंबईकरांना होणारा एखादा आजार आहे. तो आजार नाही. अशी व्यक्ती पूर्ण निरोगी असते आणि रक्त घेण्याची वेळ येईपर्यंत तिला आपल्या वेगळेपणाची कल्पनाही नसते.

हे वेगळेपण नेमके कशात आहे? आपल्या तांबड्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या लहान लहान साखळ्या असतात. त्या साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची एक साखर जोडली गेली की ‘एच’ नावाचे द्रव्य तयार होते. या ‘एच’वर आणखी एक कडी चढली की ए किंवा बी गट होतो. कडी न चढता ‘एच’ तसेच राहिले तर तो ओ. एच हा घराचा पाया आहे, ए आणि बी हे त्यावरचे मजले आणि ओ म्हणजे मजला न चढवलेले जोते. बॉम्बे गटाच्या व्यक्तीत पायाच घातला जात नाही, कारण फ्यूकोज जोडणारे जनुक तिच्यात निकामी असते. पाया नाही म्हणून मजला नाही आणि म्हणूनच वरवरच्या तपासणीत ती ‘ओ’ दिसते. इकडे तिच्या रक्तद्रवात ए आणि बी यांच्याबरोबर एच या द्रव्याविरुद्धही प्रतिद्रव्य नैसर्गिकरीत्याच सज्ज असते. आपण ओ गटाला सर्वांचा दाता म्हणतो. पण बॉम्बे गटाच्या रुग्णाला ओ रक्त चढवले तर त्या पेशी रक्तवाहिनीतच फुटतात, मूत्रपिंडांवर आघात होतो आणि प्राण संकटात येतात. त्याला केवळ बॉम्बे गटाचेच रक्त चालते.

परळला सापडलेल्या या माणसांमुळे एक मूलभूत गोष्टही उलगडली. रक्तगट ठरवणारी ए-बी-ओ जनुके वेगळी आणि त्यांना पाया पुरवणारे एच जनुक वेगळे. १९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हीन आणि सहकाऱ्यांनी मूळच्या इटालियन कुटुंबातील एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. ती तपासणीत ओ दिसत होती, पण तिची मुलगी होती एबी. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या आनुवंशिकतेच्या तक्त्याप्रमाणे हे अशक्य. खुलासा असा की, त्या स्त्रीत बी गटाचे जनुक होते, पण पायाअभावी ते प्रकट होऊ शकत नव्हते. मुलीला वडिलांकडून चांगले एच जनुक मिळाले आणि आईचे दडलेले बी प्रकट झाले. ही केवळ शास्त्रीय गंमत नव्हे. एखाद्या घरात वडिलांच्या कार्डावर ओ आणि मुलाच्या कार्डावर एबी निघाले तर कोणाच्या चारित्र्यावर संशय घेतला जाईल, हे सांगायला नको. रक्तगटाच्या चिठ्ठीवरून असा निवाडा करू पाहणाऱ्याने आधी नीट तपासणी करून घ्यावी.

असे लोक किती? १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या पाहणीत सुमारे ७,६०० व्यक्तींमागे एक असे प्रमाण आढळले. भारतासाठी साधारणपणे दहा हजारांत एक असे धरतात, तर युरोपात दहा लाखांत एक. २०११ च्या जनगणनेत भिवंडी महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सात लाखांवर होती. नुसता त्रैराशिकाचा हिशेब मांडला तरी भिवंडीत सत्तर ते नव्वद माणसे बॉम्बे गटाची असावीत. ती कोण, हे ठाऊक आहे का? शिबिराच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येकी शंभर रक्तदात्यांच्या सुमारे शहात्तर शिबिरांत असा एक रक्तदाता भेटणार. तो ओ समजून घरी पाठवला गेला तर पुन्हा कधी भेटेल, सांगता येत नाही.

हे प्रमाण आपल्याकडे अधिक का, या प्रश्नाचे उत्तर विवाहपद्धतीत आहे. आई आणि वडील या दोघांकडूनही निकामी जनुक आले तरच मूल बॉम्बे गटाचे होते. नात्यात लग्न झाले की दोघांकडे एकाच पूर्वजाचे तेच जनुक असण्याची शक्यता वाढते. महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची चाल अनेक समाजांत आहे, कर्नाटक-आंध्रात काही ठिकाणी मामा-भाचीचे विवाहही होतात. भाटिया आणि एल. डी. संघवी यांनी १९६२ सालीच या गटाचा व सगोत्र-संबंधी विवाहांचा संबंध दाखवून दिला होता. येथे कोणत्याही चालीरीतीची निंदा करण्याचा हेतू नाही. घरात असे लग्न झालेले असेल तर भावंडांची तपासणी अधिक काळजीने करावी, एवढेच.

चूक झाली तर काय होते, याचे अलीकडचे उदाहरण मे २०२४ मधले आहे. एका महिलेला शस्त्रक्रियेच्या वेळी ओ समजून रक्त दिले गेले आणि तिची प्रकृती गंभीर झाली. मूत्रपिंडांवर परिणाम झाला. गट बॉम्बे असल्याचे नंतर उमगले. तेव्हा शिर्डीचा फुलांचा व्यापार करणारा एक रक्तदाता सुमारे चारशे किलोमीटर मोटारीने प्रवास करून इंदूरला पोहोचला आणि रक्त देऊन परतला. रुग्णाच्या बहिणीचेही रक्त उपयोगी पडल्याचे त्या वेळच्या वृत्तांत आले होते. रक्तदात्याचे कौतुक सर्वत्र झाले, आणि ते योग्यच होते. पण मूळ तपासणी पूर्ण झाली असती तर त्या बहिणीला पहिल्याच दिवशी बोलावता आले असते. या बाजूची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

पूर्ण तपासणी म्हणजे काही महागडी यंत्रसामग्री नव्हे. काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन ए आणि बीची द्रव्ये टाकतात, ही झाली पेशींची तपासणी. अनेक ठिकाणी ती एवढ्यावरच थांबते आणि दोन्हीकडे पुंजके न दिसल्यास ‘ओ’ लिहून मोकळे होतात. दुसरी बाजू रक्तद्रवाची. रुग्णाच्या रक्तद्रवात ज्ञात ए, बी आणि ओ गटाच्या पेशी मिसळून पाहायच्या. ओ पेशींचेही पुंजके झाले की तंत्रज्ञाने तेथेच थांबून विचार करावयाचा. मग एच द्रव्य ओळखणारा अर्क वापरून खात्री करता येते. हा अर्क यूलेक्स युरोपियस या युरोपातील काटेरी झुडपाच्या बियांपासून काढतात. रक्तपेढ्यांना दोन्ही बाजूंची तपासणी नियमाने बंधनकारक आहे. शिबिराचे आयोजन करणाऱ्या कार्यकर्त्यांनी, मंडप आणि चहा-बिस्किटांच्या व्यवस्थेइतक्याच आस्थेने, कार्डावरचा गट कोणत्या तपासणीवरून लिहिला जातो, हेही रक्तपेढीला विचारावे. प्रश्न विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही.

परळचे ते काम तेथेच थांबले नाही. १९५७ साली शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाले. तेच आज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय संस्था म्हणून के. ई. एम.च्या आवारात कार्यरत आहे आणि दुर्मीळ रक्तदात्यांची राष्ट्रीय नोंदवही या संस्थेने उभारली आहे. २०२५ साली कोलारच्या एका महिलेच्या रक्तात आणखी एक नवे प्रतिजन सापडल्याचे जाहीर झाले आणि त्याच्या नावात भारत आणि बेंगळुरू या दोन्हींची आद्याक्षरे आली. तेथेही सुरुवात तशीच झाली होती. हृदयशस्त्रक्रियेसाठी आलेली ओ गटाची रुग्ण, आणि कोणाचेच रक्त जुळेना.

आता शेलारपुरते. नदीनाक्यापलीकडचा हा परिसर यंत्रमाग आणि गोदामांचा. वाडा मार्गावर अवजड वाहनांची अखंड ये-जा. कामगार उत्तर प्रदेशचे, तेलंगणचे, कोकणातले. अपघात झाला तर रुग्णाला धड आपला गटही सांगता येत नाही. बॉम्बे गटाची व्यक्ती शिबिरात आढळली तर तिचे रक्त त्या दिवशी घेऊन ठेवण्यात फारसा अर्थ नसतो. पिशवीतल्या पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात आणि तेवढ्यात तसाच रुग्ण मिळेलच असे नाही. उणे ६५ अंशांखाली गोठवून त्या दहा वर्षे ठेवता येतात, पण ती सोय फारच थोड्या ठिकाणी आहे. म्हणून अशा रक्तदात्याने शिबिरात रक्त न देता हाकेसरशी उपलब्ध राहावे, हे श्रेयस्कर. पुरुषाला दर तीन महिन्यांनी आणि स्त्रीला दर चार महिन्यांनी रक्त देता येते, तेव्हा कोणी कधी दिले याची नोंद हवी. बाळंतपण किंवा आधी ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांना गट आधीच सांगावा. प्रकृती साथ देत असल्यास शस्त्रक्रियेपूर्वी स्वतःचेच रक्त काढून ठेवण्याची तजवीजही होऊ शकते.

आणि भावंडे. आई-वडील दोघेही एकेक निकामी जनुक वाहणारे असतील तर प्रत्येक अपत्य बॉम्बे गटाचे असण्याची शक्यता चारांत एक असते. बाहेरच्या हजारो माणसांत शोधण्यापेक्षा त्या एका घरात रक्तदाता मिळण्याची आशा कितीतरी अधिक. म्हणून गट निश्चित झाला त्याच दिवशी भावंडांची नावे, गावे आणि दूरध्वनी क्रमांक रक्तपेढीच्या वहीत उतरवून घ्यावेत. बहीण वाड्याला दिलेली असेल, भाऊ सुरतेला मागावर असेल. त्यांचीही दोन्ही बाजूंची तपासणी जवळच्या रक्तपेढीत करवून घ्यावी आणि त्यांच्या कार्डावरचा जुना ‘ओ’ खोडून नवे कार्ड द्यावे.